सैल गेअर आणि जड हात

३ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ९.१०, ऑफिस.

आज सकाळी सहाला उठून गाडीत जाऊन बसलो. इंजिन सुरू केलं नाही. गेअरच्या दांड्यावर हात ठेवला, डोळे मिटले आणि त्याचा सैलपणा शांतपणे अनुभवला. न्यूट्रलमध्ये दांडा पाव वीत इकडे, पाव वीत तिकडे जातो. तिसरा टाकला तरी डोलत राहतो, जणू त्याचं अजून काही ठरलेलं नाही. दुकानातल्या तराजूचा काटा असा असता तर मी उभ्या उभ्या नोटीस दिली असती. वजनमाप निरीक्षक म्हणून बावीस वर्षं लोकांचे काटे तपासतो आहे. सैलपणा मला कळतो.

निश्चय: हा गेअर महिनाअखेरीच्या आत मी स्वतः घट्ट करणार. गॅरेजमध्ये जाणार नाही.

सैलपणाचं कारण उघड आहे. आमची ही दीड महिन्यापासून गाडी शिकते आहे. लायसन्स मिळालं, पण हात बसलेला नाही. हात जड आहे. काल तिला तसं गोड शब्दांत सांगितलं. ती गप्प झाली. पटलं असावं.

५ फेब्रुवारी, बुधवार. संध्याकाळ.

हिला बढतीचं पत्र आलं. अकरा वर्षं नर्स होती, आता हेडनर्स. नेमणुकीचा दवाखाना बावीस किलोमीटरवर. सकाळी सातला हजर राहायचं आणि तिकडची पहिली बस साडेआठला. होकार की नकार ते अठ्ठावीस तारखेपर्यंत लेखी द्यायचं, नाहीतर नंबर पुढच्या बाईंचा.

मी म्हटलं, देवाची कृपा. ती म्हणाली, देवाची आहेच हो, पण तुमच्या गाडीची आहे का? मी म्हटलं, गाडीचं म्हणशील तर आधी गेअरचं बघावं लागेल. त्यावर ती म्हणाली, हं, तो मीच बिघडवलाय ना. मी काही बोललो नाही. मौनाचे फायदे पुष्कळ आहेत.

ती गाडी घेऊन गेली तर मी ऑफिसला बसने जाईन. त्यात काहीच नाही. बस मला आवडते. फक्त माझं सकाळचं नाम गाडीत होतं. माळ नेत नाही, लोक बघतात. सिग्नलला उभं राहिलं की गेअरच्या दांड्याला बारीकसा झोका द्यायचा, एक झोका, एक नाम. मोठ्या चौकात सहज साठ होतात. कुणाला कळतही नाही. नऊ वर्षांत एक दिवस चुकलेला नाही. बसमध्ये हे कसं जमणार? पण हा मुद्दा नाही. मुद्दा गेअरचा आहे.

८ फेब्रुवारी, शनिवार. दुपारी ४.

लेकीने फोनवर व्हिडिओ शोधून दिला. त्यातला माणूस कुठल्या भाषेत बोलतो ते आम्हा दोघांनाही कळलं नाही. पण हातांची भाषा सगळीकडे एकच. त्याने मूठ काढली, खालचं कातडी कव्हर काढलं, चार स्क्रू काढले. सात मिनिटं. मला सव्वादोन तास लागले. मी सावकाश काम करणारा माणूस आहे.

दांड्याच्या बुडाशी प्लास्टिकची एक कडी असते, तिला बुश म्हणतात. आमचा बुश पार झिजला आहे. विशेष म्हणजे फक्त आडवा झिजला आहे, पुढे-मागे नाही. हिचा हात आडवाच जड असणार.

९ फेब्रुवारी, रविवार. सकाळी ११.३०.

बागेतल्या पाण्याच्या पाइपाचा तुकडा कापून बुश बनवला. लहानपणी गावच्या शाळेत आम्ही फुटक्या पाटीला स्वतः चौकट करत असू. ती सवय कामी आली. काय घट्ट बसलाय! पहिला, दुसरा, तिसरा, चौथा, सगळे खटाखट.

दोन स्क्रू उरले. लेक म्हणाली, बाबा, हे कुठले? मी म्हटलं, कंपनी जास्तीचे देते. ती म्हणाली, मग ते आतून कसे निघाले? हल्लीची मुलं फार बोलतात.

रिव्हर्स पडत नाही.

१२ फेब्रुवारी, बुधवार.

रिव्हर्सवाचून अडत नाही असं माझं मत होत चाललं आहे. गाडी लावतानाच पुढचा विचार करावा लागतो, एवढंच. आयुष्यातही तेच.

आज ऑफिसच्या आवारात विचार करायला वेळ मिळाला नाही आणि गाडी भिंतीला तोंड करून उभी राहिली. संध्याकाळी वॉचमन आणि दोन धान्यव्यापारी यांनी ढकलून मागे घेतली. पैकी एका व्यापाऱ्याचा काटा मला उद्या तपासायचा आहे. तो म्हणाला, साहेब, आमचा काटा निदान मागे तरी येतो. मी हसलो नाही. पदाची मर्यादा असते.

१५ फेब्रुवारी, शनिवार.

ही गाडीला हात लावत नाही. म्हटलं, सराव का थांबवलास? म्हणाली, आधीच एवढं करून ठेवलंय, आणखी काही मोडलं तर?

दुपारी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो. ती स्टुलावर बसली होती. झाडू उलटा धरून त्याच्या दांड्याने गेअर टाकत होती. डावा पाय खाली-वर. तोंडाने पुटपुटत होती, क्लच, दुसरा, सोड. मला बघितलं आणि उठून झाडायला लागली. केर सकाळीच काढलेला होता.

मी पाणी न पिताच बाहेर आलो. मन जरा जड झालं. उष्म्यामुळे असेल.

१९ फेब्रुवारी, बुधवार.

पाइपाचा बुश मोठ्या चौकात तुटला. त्रेचाळिसाव्या नामाला. दांडा हातात नुसता लोळायला लागला, पहिला टाकायला गेलो तर तिसरा पडला आणि गाडी तिथेच अडकली. तिसऱ्यातच उचलली. जळका वास आला. गॅरेजपर्यंत वास आणि मी सोबत गेलो. गॅरेजमध्ये जायचं नाही असा निश्चय होता, पण ही परिस्थिती निश्चयात धरलेली नव्हती.

मेस्त्रीने पाइपाचा तुकडा चिमटीत धरून पोरांना दाखवला. म्हणाला, साहेब, झाडांना पाणी कशानं घालता मग आता? पुढे जुना बुश बघून म्हणाला, हा दांडा कोण हलवतं? मी म्हटलं, घरात नवीन शिकताहेत. तो म्हणाला, शिकणाऱ्यानं असं होत नाही. शिकणारा क्लच जाळतो, गेअरचे दात खरवडतो. हा बसल्या बसल्या हलवून हलवून झिजवलाय. वर्षानुवर्षं. मी म्हटलं, हात जड असेल. तो म्हणाला, नाही हो. हा हलका हात आहे. रिकामा हात आहे.

माणूस अनुभवी आहे, पण मतं फार ठाम.

२२ फेब्रुवारी, शनिवार. दुपार.

नवा बुश बसला. उरलेले दोन स्क्रूही मेस्त्रीने मागून घेतले आणि रिव्हर्स परत आला. चक्कर मारायला तो शेजारी बसला. मी मोठ्या चौकातून नेली. सिग्नल लागला.

चौथ्या की पाचव्या नामाला, बहुधा माझे ओठही हलत असावेत, त्याने त्याचा काळा तळवा माझ्या हातावर ठेवला. दाबला नाही, नुसता ठेवला.  मग म्हणाला, साहेब, देव तोंडानं घेतला तरी चालतो. असं करत राहिलात तर दोन वर्षांत परत याल. आणि वहिनींना गाडी द्या.

हिला सांगावं लागेल. संध्याकाळीच सांगतो.

२४ फेब्रुवारी, सोमवार.

शनिवारी तिचं डोकं दुखत होतं. रविवारी तिची बहीण आली होती. आज जेवताना विषय काढला. म्हटलं, यंत्र झिजण्याला अनेक कारणं असतात. तिने विचारलं, म्हणजे? मी म्हटलं, हवामान.

सुरुवात तरी झाली.

२६ फेब्रुवारी, बुधवार. पहाटे ५.

आज देवापुढे बसून नाम घेतलं. हात मांडीखाली दाबून ठेवले. मन लागेना. सारखा तो स्टूल डोळ्यांपुढे येत होता. देवाच्या नावाने गेअर झिजवला हे एक वेळ ठीक. पण त्याचं खापर दुसऱ्याच्या डोक्यावर फोडून परत देवाच्याच पुढे येऊन बसतो, हे त्याला कसं वाटत असेल? लोकांच्या काट्यांना मी सील लावतो.

निश्चय: आज सांगणारच. मुद्दे काढले आहेत. सुरुवातीला थोडी प्रस्तावना, मग एक उदाहरण, मग मूळ गोष्ट.

२७ फेब्रुवारी, गुरुवार. संध्याकाळ.

काल सांगायचं राहिलं.

आज ऑफिसातून आलो तर टेबलावर कागद. हिने नकाराचा अर्ज लिहिला होता. कौटुंबिक अडचणीमुळे ही जागा स्वीकारता येत नाही, क्षमस्व. म्हणाली, तुमचं ड्राफ्टिंग चांगलं आहे, एकदा नजर टाका. बघितलं. मजकूर व्यवस्थित होता. एका ठिकाणी स्वल्पविराम घातला.

ती म्हणाली, झालं? मी म्हटलं, झालं.

तिने कागद पर्सखाली ठेवला आणि भांडी आवरायला गेली. बराच वेळ भांड्यांचा आवाज आलाच नाही.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार. सकाळी ११.१५, ऑफिस.

बावीस वर्षांत पहिल्यांदा उशिराचा शेरा.

अर्ज द्यायला हिला तिच्या मुख्य कार्यालयात सोडायचं होतं. अर्ज तिच्या मांडीवर. मोठ्या चौकात सिग्नल लाल. हात आपोआप दांड्यावर गेला आणि सुरू झाला. ती त्या हाताकडे बघत होती. एकोणीसपर्यंत आलो आणि थांबलो.

म्हटलं, हे मी करतो. रोज. गेअर मी सैल केला. तुझा हात जड नाही. मेस्त्रीनेही तेच सांगितलं, शनिवारी.

प्रस्तावना आणि उदाहरण राहून गेलं.

ती म्हणाली, शनिवारी? मी म्हटलं, हो. ती म्हणाली, आणि काल स्वल्पविराम घालत होता? मी म्हटलं, हो. सिग्नल हिरवा झाला. मागचे लोक आमच्या नावाने शंख करायला लागले. ती म्हणाली, बाजूला घ्या. घेतली आणि इंजिन बंद केलं.

मला वाटलं, आता रडेल. ती रडली तर काय बोलायचं तेही मनात जुळवायला लागलो. तिने अर्जाच्या दोन घड्या केल्या, चार केल्या आणि तो दाराच्या कप्प्यात कोंबला. म्हणाली, पेट्रोल किती आहे? मी म्हटलं, अर्धी टाकी. म्हणाली, पुष्कळ झालं. होकार तिथेच लिहून देते, आणि मग दवाखाना कुठे आहे ते बघून येते. उतरा.

मी म्हटलं, मी शेजारी बसतो ना, पहिलाच दिवस आहे. ती म्हणाली, नको, तुमचा हात कुठे ठेवाल?

उतरलो. ती सरकून माझ्या जागेवर बसली, सीट पुढे ओढली, आरसा वळवला. मी फुटपाथवर उभा राहिलो, हात हलवून निरोप द्यायच्या तयारीत. गाडी हलेना. मनात म्हटलं, बघा, शेवटी अडलंच. तेवढ्यात तिने हॉर्न वाजवला. एकदा, मग जोरात दुसऱ्यांदा.

किल्ली माझ्या खिशात होती. परत गेलो आणि काचेतून तिच्या हातात दिली.