पाळणा बघायला येणारी

४ नोव्हेंबर
अखेर बूड टेकलं! तोर्शाव्हन शहरातून या बेटावर येताना माझ्या सहा महिन्यांच्या लेकीने, सोलयाने, सगळी बोट डोक्यावर घेतली. तिचा बाप ब्रान्दुर मासेमारीच्या जहाजावर, नाताळाआधी काही घरी यायचा नाही. पण नोकरी झकास आहे. गावच्या संग्रहालयाचं छप्पर दुरुस्तीसाठी उतरवलंय, म्हणून वस्तू घरोघरी सांभाळायला दिल्यात. कोणाकडे चरखा, कोणाकडे व्हेलचा भाला. ज्याला बघायचंय त्याने त्या घरी जायचं. देखरेख माझी. माझे साहेब हाइनी यांनी बजावलंय की वस्तू लोकांच्या आहेत, बघायला आलेल्याला परत धाडायचं नाही, आणि कॉफी पाजण्यात चिक्कूपणा करायचा नाही.

एक जुना पाळणा कोणीच घेतला नव्हता, तो मी घेतला. शेजारच्या ओलुवाआजी म्हणाल्या की एकतर तू फार धीट, नाहीतर शहरातली.

८ नोव्हेंबर
इथे दार कोणी वाजवत नाही. सरळ आत, बूट काढले की स्वयंपाकघरात. काल मी केस धूत होते तर ओलुवाआजी मागे उभ्या! आज मात्र चक्क टकटक झाली. कोणीतरी रीतभात असलेलं आलं म्हणून मला केवढा आनंद! आतूनच ओरडले, या ना, या, कधीही या.

एक तरुण बाई. बाहेर ऊन, आणि ही नखशिखान्त भिजलेली. कॉफीला हात लावला नाही. पाळण्याच्या कडेवर हात ठेवून बसून राहिली. म्हणाली, छान ठेवलाय, पण रिकामा बरा दिसत नाही. जाताना सोलयाकडे बघून हसली. मला ते आवडलं नाही.

११ नोव्हेंबर
ओलुवाआजी वाळवलेलं मटण कापत होत्या. मी त्या भिजलेल्या बाईचं सांगितलं आणि सुरी तिथेच थांबली. म्हणाल्या, अगं बये, गावातलं माणूस दार वाजवत नाही. ज्याला आत यायला बोलावणं लागतं, तेच वाजवतं. आणि तू तिला ‘कधीही’ म्हणालीस? त्या पाळण्यातलं पोर होडीतून बाप्तिस्म्याला नेताना आईसकट बुडालं. दोघंही सापडली नाहीत.

१४ नोव्हेंबर
रोज येते. टकटक होते, मी गप्प बसते, तरी वळून बघावं तर ती आत. फरशीवर पाणी. हाइनींना फोन केला. ते हसले. म्हणाले, सगळ्यात जास्त गर्दी तुझ्याकडेच की! परत घ्यायला जागा नाही, ईस्टरपर्यंत सांभाळ.

१६ नोव्हेंबर
आज तिने पाळण्याकडे पाहिलंच नाही. सोलयाकडे बघत होती. सबंध दुपार. मी ओरडले, चालती हो. ती हलली नाही. 

१७ नोव्हेंबर
पाळणा ओढत नेला, घरासमोर किनाऱ्यावरच्या होडीघरात टाकला. नोकरी गेली खड्ड्यात. आता टकटक नाही. सोलयाला दुपट्यात गुंडाळून मांडीवर घेतलंय. झोपलीय. किती दिवसांनी जरा शांत—

संध्याकाळ
डोळा लागला होता. होडीघरातून रडणं येतंय. सोलयाचं. भुकेचं रडणं, मी ओळखते ना—
पण सोलया माझ्या मांडीवर आहे. घट्ट धरलंय मी.
दुपटं ओलं आहे. गार. खाली बघवत नाही—
रडणं थांबलं. तिकडे पाळणा हलल्याची करकर ऐकू येतेय. कोणीतरी झोका—
दुपट्यातल्या हाताने माझं बोट धर—