वांदरं पळालीच नाहीत

विनू बाळा,

कावीळ तुला घेऊन गेली, तेव्हापासून कागदावर तुला कधी हाक मारली नाही. आज मारते आहे. बगीच्यात जे झालं ते तुझ्याशिवाय कोणाला सांगू?

तुझ्या त्या केसाळ इंग्रजांची नवी कॅसेट आली रे! तू सांगून ठेवलेली. तुझा दोस्त दिलीप नागपूरहून घेऊन आला आणि सौंसरला बसमधून उतरला तो थेट आपल्या घरी. म्हणाला, "काकू, हे घ्या. विनूची अमानत होती."

आठवतं? त्यांची जुनी कॅसेट लावून तू टेप संत्र्याच्या झाडाला टांगायचास. पहिली आरोळी उठली की वांदरं थेट नाल्यापार! मी ओरडायचे, "बंद कर रे, कोंबड्या अंडी देणं विसरल्या!" तू हसायचास, "माय, हे हेवी मेटल आहे. जग बदलन, हे नाही बदलणार."

तू गेल्यावर ती जुनी मी पेटीत ठेवली. घासली, तुटली तर? आंबिया बहाराची संत्री पिवळी होऊन राहिली, वांदरं रोज येऊन राहिली, तरी मी नवीच्या भरवशावर बसले.

आज लावली. आणि काय सांगू! बासरीसारखं गोड काहीतरी सुरू झालं. मग तो आरोळीवाला लाडीगोडीने गाऊ लागला. तोच का रे हा? मी कॅसेटवरचा फोटो उन्हात धरून पाहिला. तेच चौघे, तेच केस! ठेचा मागावा आणि पानात शिरा पडावा, तसं झालं. मी बगीच्याच्या बांधावर, धुऱ्यावर बसले.

वांदरं? एकही हललं नाही. एक वांदरीण तर माझ्यासमोर संत्रं सोलत बसली, पोटाशी पिल्लू गाढ झोपलेलं!

तुझे बाबा काठी टेकत आले. "काहून वं, टेप नाही लावला?"

"लावला ना. हाच आवाज आहे आता त्याइचा."

ते उभ्या उभ्या ऐकत राहिले. मग म्हणाले, "पोट्टा गेला. आता हेही गेले."

एखादी तरी आरोळी असेल म्हणून दुसरी बाजूही ऐकली. नव्हती रे! तू असतास तर रुसला असतास, की "माय, ऐक तरी" म्हणाला असतास? आणि एवढ्या लवकर गेलास, आता हे विचारू कोणाला?

उद्या सकाळी जुनी पेटीतून काढते. पेटीत ठेवलेला आवाज काय कामाचा? रोज लावीन, घासेपर्यंत. आणि तुटलीच, तर धुऱ्यावर मी उभी राहीन. सगळ्या आरोळ्या मला पाठ आहेत.

तुझी,
माय