आईसाठी कुठली लेन्स?

शनिवार, संध्याकाळ. बजाजनगर.

परवा कोकणात निघायचं, आणि लांबचं टिपणारी मोठी झूम लेन्स न्यायची की जवळ जाऊन काढावं लागतं ती छोटी, हे अजून ठरत नाही. दोन्ही मावणार नाहीत, बॅग पोरांच्या कपड्यांनीच भरली. आई पहिल्यांदा समुद्र बघणार. तेवढा चेहरा हुकायला नको, बाकीचे फोटो गेले उडत.

म्हणून ऊन उतरल्यावर गच्चीत सराव केला. आई वाळलेल्या कुरडया गोळा करत होती. छोटी लेन्स घेऊन जवळ गेलो, तर तिनं लगेच डोक्यावर पदर घेतला आणि आधार कार्डाच्या फोटोला बसावं तशी ताठ झाली.

"आई, हस की जरा."

"फोटोत कुणी हसतं व्हय?"

मग पाण्याच्या टाकीमागं जाऊन झूम लावली. शेजारच्या काकूंशी बोलता बोलता आई खळखळून हसली. पदर खांद्यावर, हातात अर्धी मोडलेली कुरडई. लई भारी फोटो आला. ठरलं, झूमच न्यायची.

खाली येऊन तिला दाखवला. तिनं कॅमेरा डोळ्यांजवळ नेऊन बघितला.

"चांगला आलाय. पण तू कुठं होतास?"

"टाकीमागं."

"मग समुद्रावर बी असाच लांब थांबणार का? पाण्यात पाय टाकताना मी हात कुणाचा धरू?"

झूम कपाटात ठेवून दिली. घेऊ दे पदर डोक्यावर. छोटी लेन्स एका हातानं जमते का, ते उद्या बघतो.