ओहोटीची तहान

१४ ऑक्टोबर

आले एकदाची. स्फाक्स बंदरातून सुटलेल्या बोटीत माझ्या शेजारी एक बाई दोन कोंबड्या आणि शिलाई मशीन घेऊन बसली होती. मी खाणींच्या गफसाची, या बेटावरच्या दवाखान्यात नवी नर्स म्हणून चाललेय, हे कळल्यावर तिनं सगळ्या बोटीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, की खाणीकडच्या माणसांना समुद्र दाखवला तर ती आधी कुदळ मागतात. सगळे हसले. मीही हसले, खूप दिवसांनी.

दवाखाना म्हणजे दोन खोल्या, एक लोखंडी कपाट आणि आठवड्यातून एकदा येणारा डॉक्टर. राहायची सोय मबरूकामावशीकडे झाली. विधवा बाई, एकटीच राहते. घर पांढरंशुभ्र, अंगणात पावसाचं पाणी साठवायचं टाकं, दोरीवर कपड्यांच्या शेजारी वाळत घातलेले ऑक्टोपस. रात्री तिनं जवाच्या कण्यांच्या सूपात तोच वाढला. मी बिचकतेय हे पाहून म्हणाली, चाव बिनधास्त, तो काही उलट चावायचा नाही.

आईला फोन केला. खोली हवेशीर आहे, खिडकीतून समुद्र दिसतो, असं सांगितलं. त्यावर तिनं फोन ठेवला. दोन वर्षांपूर्वी माझा धाकटा भाऊ वजदी याच बेटावरून इटलीच्या बोटीत बसला. ती बोट कुठेच पोचली नाही. ही बदली मी मागून घेतली, हे आईला सांगितलेलं नाही. तिला ते कळलं असावं.

२१ ऑक्टोबर

गाव आवडायला लागलंय. इथला समुद्र उथळ. ओहोटी लागली की पाणी लांबवर मागे सरतं, आणि खजुराच्या झावळ्यांची लांबच लांब कुंपणं चिखलात उघडी पडतात. मासे त्या कुंपणाच्या कडेकडेनं येतात आणि टोकाच्या पिंजऱ्यात सापडतात. मासे धरायची ही रीत मला बशीरकाकांनी समजावून दिली. म्हातारे आहेत, गुडघ्यांच्या औषधाला येतात आणि औषध घेऊनही तासभर बसून राहतात. काल त्यांनी मला एक मासा आणून दिला आणि बजावलं, गफसाला नेऊन शेजाऱ्यांना दाखव, पण मी पकडला असं सांगू नकोस, कुणी विश्वास ठेवणार नाही.

एका गोष्टीचं मात्र कोडं पडलंय. गावात काही बायकांना सारखी तहान लागते. सुना, जावा त्यांना बळेच दवाखान्यात आणतात. ओठ फुटलेले, जीभ कोरडी, कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहते. साखर तपासली, ठीक. डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले, वय झालं, खारी हवा आहे. त्यातल्या दोघी तर माझ्यापेक्षा फार मोठ्या नाहीत.

मबरूकामावशीचंही तेच. जेवताना घास थोडे, पाणीच जास्त.

२९ ऑक्टोबर

दुपारी दवाखाना लवकर बंद करून घरी आले. ओहोटीची वेळ होती, सगळा गाव झोपलेला. अंगणात टाक्याच्या कडेला एक तरुण बसून बादलीलाच तोंड लावून पाणी पीत होता. मावशी त्याच्या पाठीवरून हात फिरवत होती. हा हम्मादी, एवढंच तिनं सांगितलं. मला वाटलं भाचा असेल.

एवढ्या उन्हात त्यानं जाड जाकीट घातलं होतं. दिवसभर धुणं धुतलेल्या बाईची असतात तशी त्याची बोटं सुरकुतलेली, पांढरी. सवयीनं मी त्याचं मनगट धरलं. ते थंडगार होतं. नाडी काही लागेना. माझीच बोटं बधिर झाली असतील म्हणून दुसरा हात धरला. त्यानं तो हळूच सोडवून घेतला आणि अजून पाणी आहे का म्हणून विचारलं.

तो गेल्यावर फरशीवर मिठाचे गोल डाग राहिले. मावशीनं ते पदरानं पुसले. पुसताना गुणगुणत होती.

३० ऑक्टोबर

बशीरकाकांना विचारलं, मबरूकामावशीचा हम्मादी नावाचा भाचा कुठे राहतो. ते बराच वेळ टोपी हातात फिरवत राहिले. मग म्हणाले की भाचा नाही, मुलगा. बोटीतून गेला त्याला चार वर्षं झाली. तो बुडाला. प्रेत काकांनीच ओळखलं आणि त्यांनीच पुरलं.

मग त्यांनी सगळं सांगितलं. भाजीचे भाव सांगावेत तसं, सरळ. बुडालेले ओहोटीला परत येतात. कुंपणाच्या कडेकडेनं, माशांसारखे. आपलं माणूस जिथे असेल त्या दारी येतात. कुणाला काही करत नाहीत, फक्त पाणी मागतात, कारण इतके दिवस खाऱ्यात राहून त्यांचा घसा जळत असतो. मात्र त्यांना घरचं पाणी पाजलं की त्यांची तहान त्या घरात येते. त्या घरची त्यांच्या रक्ताची जी माणसं, त्या सगळ्यांना लागते; परक्यांना नाही. मग कितीही प्या, ती भागत नाही.

मी म्हटलं, हे माहीत असूनही बायका पाजतात?

“तू आई नाहीस अजून,” ते म्हणाले.

थोड्या वेळानं त्यांनी आपणहून सांगितलं की त्यांचा बुडालेला मुलगा लसादही आला होता. त्यांनी दार उघडलं नाही. काही दिवस तो बाहेर उभा राहून मागायचा. मग यायचा थांबला. त्या दिवसापासून बायको त्यांच्याशी एक शब्द बोललेली नाही.

बरं केलंत का काका, असं मी विचारलं. विचारायला नको होतं.

“मी जिवंत आहे,” ते म्हणाले. “बाकी मला विचारू नकोस.”

६ नोव्हेंबर

मावशीला मी सलाईन लावलं. बाटलीमागून बाटली. काहीही उपयोग नाही, वाळूत ओतल्यासारखं. स्फाक्सच्या मोठ्या दवाखान्यात नेते म्हटलं तर माझा हात धरून म्हणाली, मी गेले तर त्याला दार कोण उघडेल.

तिला समजावलं, रागावले, शेवटी रडले. तिनंच माझे डोळे पुसले. तिची बोटं खरखरीत लागली, वाळलेल्या मासळीसारखी.

११ नोव्हेंबर

मबरूकामावशी गेली. सकाळी टाक्याच्या कडेला सापडली, हातात भरलेला पेला. पेल्यातलं पाणी मी चाखलं. गोड होतं.

गावानं तिला पुरलं. रडणं कमीच. बायका एकमेकींच्या फुटलेल्या ओठांकडे बघत होत्या. तिची जाऊ म्हणाली, दुसरी जागा मिळेपर्यंत राहा, भाड्याचं बघू नकोस. दुसरी जागा कुठली मिळणार इथे.

दुपारी हम्मादी आला. अंगणात उभा राहिला. ती नाही हे त्याला कळेना. टाक्याभोवती फिरला, खोलीत डोकावला, तिची चादर हातात घेऊन पुन्हा नीट ठेवली. मी भिंतीला चिकटून उभी होते. मला भीती वाटायला हवी होती. मला त्याची कीव आली, आणि त्या किवेचीच मला फार भीती वाटली.

१५ नोव्हेंबर

आज हम्मादी एकटा नव्हता.

दुसरा दाराबाहेर थांबला. मी फटीतून पाहिलं. निळा स्वेटर. आईनं विणलेला, डाव्या बाहीवर टाका चुकलेला. मी तिला तेव्हा चिडवलं होतं.

“ताई,” तो म्हणाला, “पाणी दे ना.”

लहानपणी शाळेतून आल्यावर मागायचा, त्याच आवाजात.

मी कडी घातली. कानांत बोटं घालून जमिनीवर बसून राहिले, भरती येईपर्यंत. तरीही ऐकू येत होतं.

१७ नोव्हेंबर

रोज येतो. रागावत नाही. दार वाजवत नाही. मी कशी आहे विचारतो. आईच्या गुडघ्याचं विचारतो. मग पाणी.

आज मी दाराच्या अलीकडून त्याच्याशी बोलले. सगळं सांगितलं. आई आहे, मी आहे, आम्हा दोघींनाच एकमेकींचा आधार. जा, वजदी. परत येऊ नकोस.

तो म्हणाला, बरं.

एवढंच. लहानपणीही असाच होता, हट्ट करायचाच नाही.

१८ नोव्हेंबर

आला नाही. दार उघडून बसले होते. हो, उघडून.

१९ नोव्हेंबर

आला. लांब उभा राहिला, कुंपणाजवळ. मीच सांगितलं होतं ना.

तेवढ्यात आईचा फोन. मी उचलायला नको होता. ती काहीतरी सांगत होती, बाजारचं, आणि तो तिथून मोठ्यानं म्हणाला, ताई, थोडंच दे.

आईनं ऐकलं.

  मग तिनं विचारलं, तो भिजलाय का. मग फोन ठेवला.

मी लावत राहिले, तासाभरानं तिनं उचलला. सगळं सांगितलं, मावशीचं, तहानेचं, सगळं. येऊ नकोस म्हणून शपथ घातली. ती म्हणाली, स्फाक्सच्या गाडीत बसलेय.

२० नोव्हेंबर

वारा सुटलाय. बोटी बंद. आई स्फाक्सच्या धक्क्यावर अडकलीय. मी नमाज पढले, वारा पडू नये म्हणून. अशी दुआ कुणी कधी मागितली असेल का.

२१ नोव्हेंबर

वारा आहे अजून. बशीरकाका आले होते. टाक्याचं झाकण त्यांनी साखळीनं बांधलं. बादली आणि दोर घेऊन गेले. जाताना म्हणाले, उद्या वारा पडेल.

२२ नोव्हेंबर

पडला.

आई आली. दोन दिवस धक्क्यावर काढलेली बाई, पण चेहरा — मी तिला असं बघितलंच नव्हतं दोन वर्षांत. केस विंचरलेले. हातात प्लास्टिकचा मोठा डबा. गफसाहून आणलेला, आमच्या घरच्या नळाचं पाणी. त्याला तेच आवडायचं, म्हणाली.

मी तिच्या पाया पडले. डबा ओढायला गेले. तिनं मला जवळ घेतलं, डोक्याचा मुका घेतला, मला वाटलं ऐकतेय —

“तुझं सगळं समजलं मला, मुनीरा. लागली मला तहान तर लागू दे. तू तरुण आहेस, तू लांब राहा.”

खोलीत ढकललं आणि बाहेरून कडी घातली. माझ्यासाठी.

ओरडून घसा बसला. खिडकीला गज आहेत. ओहोटी लागलीय, कुंपणं उघडी पडलीत. एकटाच येतोय, निळा —

डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज. आई म्हणतेय, सावकाश पी रे, ठसका लागेल.

तो पितोय.

आई हसतेय. तिचं हसू मी विसरले होते. तो काहीतरी म्हणाला, ती पुन्हा हसली. मीही इकडे — हसतेय की रडतेय —

ते पाणी आमच्या घरचं. काका म्हणाले होते, त्या घरच्या सगळ्यांना. ते माझंही घर. आईच्या लक्षातच नाही आलं. माझ्याही —

उशाची बाटली संपवली. भरलेली होती. जीभ टाळूला चिकट—

तिला सांगणार नाही. तिला कळता कामा नये. ती हसतेय, तोवर मी दाराशी हाक मारणार नाही, फक्त कुणीतरी थोडं —