खिडकीवरची ताडपत्री

आये, डॉक्टरीणबाईंनी मला सकाळच्या उन्हात बसायला सांगितलंय. मी गेले होते झोपेच्या गोळ्या मागायला. रात्रपाळी सोडून दोन वर्षं झाली, तरी रात्रभर डोळा लागत नाही आणि दिवसा हातपाय ओढत चालते. बाई म्हणाल्या, गोळ्यांचं नंतर बघू. थंडीत उजाडतं उशिरा, माणूस घरात कोंडून बसतं. उठल्याबरोबर अर्धा तास बाहेर बसा, डोळ्यांना उजेड मिळाला की शरीराला दिवस कळतो आणि मग रात्रीची झोप येते. मला हसूच आलं. एवढ्यासाठी का मी सकाळपासून रांगेत उभी होते! हे तर तू पाठीत धपाटा घालून सांगायचीस.

मांडवीला थंडीत ऊन माडांवरून सावकाश खाली येतं. लहानपणी ते आलं की मासळी पसरायच्या आधी तू आम्हा भावंडांना गोधडीसकट ओट्यावर हाकलायचीस. "आधी पोरां वाळवूया, मगे मासळी," म्हणायचीस आणि स्वतःच हसायचीस. मी तोंड फिरवून पेंगायला लागले की धपाटा. "उजेडाकडं तोंड कर गो. नायतर रातभर टक्क जागी ऱ्हाशील."

मग म्हातारपणी तू पडलीस, खुब्याचं हाड मोडलं आणि तुझी खाट खिडकीशी आली. तेव्हा मी मिरजोळ्याला मासळीच्या कारखान्यात रात्रपाळीला होते. सकाळी गारठून घरी यायचे, तुझं अंग पुसून, पेज भरवून खाटेशेजारी जमिनीवर आडवी व्हायचे. पूर्वेची ती एकच खिडकी, आणि ऊन नेमकं माझ्या तोंडावर. चार दिवस सोसलं. पाचव्या दिवशी भावाच्या होडीवरची जुनी ताडपत्री आणली आणि खिळे मारून खिडकीवर ठोकली. खोलीत काळोख झाला. तू म्हणालीस, "काढ गो ती. नायतर मला भायेर तरी बसव." मी खेकसले, "तुला उचलायचं कुणी? झोपू दे मला." त्यानंतर तू उन्हाचं नाव काढलं नाहीस. फक्त विचारायचीस, "उजाडला काय गो?" आणि मी, सकाळचे नऊ वाजलेले असताना, डोळे न उघडता सांगायचे, "नाय अजून. झोप."

"बरा. नीज तू," म्हणायचीस.

रात्री शेजारची काकी तुझ्याजवळ बसायची. ती म्हणायची, म्हातारी दिवसा झोपते आणि रात्रभर मासळी पसरायला उठवते, डोकं फिरलंय. मी म्हटलं, वयच झालं. पौषात तू गेलीस. वाडीत अजून बोलतात, लेकीनं आईचं केलं हो. मी मान हलवते. पण त्या दिवशी डॉक्टरीणबाईंना निघता निघता विचारलं, माणसाला उजेड मिळालाच नाही तर? त्या म्हणाल्या, दिवसरात्र उलटीपालटी होते, म्हातारी माणसं तर फार गोंधळतात. बाहेर येऊन मी स्टँडवर बसले आणि दोन गाड्या सोडल्या. म्हणजे तुझं डोकं मी फिरवलं, आये. याला दुसरा शब्द मला सापडत नाही.

आणखी एक सांगायचं राहिलंय. बारावं झाल्यावर ताडपत्री उतरवायला गेले, तर खाटेकडचा खालचा खिळा जागेवर नव्हता. तो तुझ्या उशीखाली होता. तुझा हात पोचेल तेवढा, चार बोटांचा कोपरा दुमडलेला होता. खाटेच्या आड मला तो कधी दिसलाच नाही. तुला मात्र उजाडलेलं दिसत होतं. दिसत होतं आणि तरी तू "बरा, नीज तू" म्हणत होतीस.

आता मी रोज ओट्यावर बसते, उजेडाकडे तोंड करून. हा कागद कुठे पाठवायचा नाही, उशीखालीच राहील. गेल्या आठवड्यापासून मला झोप लागायला लागली आहे. गाढ लागते, आणि उठल्यावर बरं वाटतं. हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.