सिकंदरची नाडी

४ मे, रविवार
सासरे कारभारीबाबा नामपूरहून टेम्पोत बोकड घालून इंदिरानगरला आले. माझी अँजिओप्लास्टी झाली तेव्हा त्यांनी देवीला परस्पर नवस बोलला होता : जावयाचं हृदय वाचव, बोकड देतो. नवस माझ्या नावाचा, म्हणून तेरा तारखेला तो फेडेपर्यंत बोकड आमच्या पार्किंगमध्ये. मी नाव ठेवलं सिकंदर. बायको ज्योत्स्ना म्हणाली, नाव नका ठेवू.

जेवताना बाबांकडून नियम नीट समजून घेतला. अंगावर पाणी टाकल्यावर बोकडाने अंग झाडलं तर देवीने घेतला. नाही झाडलं तर कापत नाहीत. म्हणजे सगळा खेळ मेंदूतल्या केमिकलचा! भीती वाटली की अ‍ॅड्रेनलिन, त्याने धडधड, धडधडीने थरथर. मी बी.एस्सी. आहे. सिकंदर झाडणार नाही. कुणाला बोलायचं नाही.

६ मे, सकाळ
मांडीच्या आतून नाडी लागते. सुसाट. स्मार्टवॉच बांधून पाहिलं, पट्टा खाल्ला. उद्यापासून मालिश, बासरी आणि पाण्याचा सराव. माझं वॉकिंग तेवढं राहतंय. रिसर्च म्हटलं की त्याग आला.

१० मे
पाणी टाकलं की दगडासारखा उभा. ग्रेट सक्सेस.
नंतर मान खाजवली. नाडी उतरली, डोळे मिटले आणि पठ्ठ्याने नाकापासून शेपटीपर्यंत अंग झाडलं. ज्योत्स्ना बाल्कनीतून बघत होती.
काळजीचं कारण नाही. हे झाडणं सुखाचं, सेरोटोनिनचं. देवीपुढचं भीतीचं. फरक असतो.
आता माझ्याशिवाय कुणाच्या हातचं खात नाही.

११ मे
बाबांचा फोन. भाऊबंदांना आवतण गेलं, मसाला भाजून झाला. मी सहज विचारलं, देवीने नाहीच घेतला तर? मग म्हणाले, मंग तुमना जीवले घोर शे, जावईबापू.
माझ्याच जीवाला घोर? फोन ठेवल्यावर छातीत धडधडलं. गॅस असणार.

१३ मे, मंगळवार
नामपूर. मळ्यातल्या देवीपुढे पाणी टाकलं. सिकंदर दगड. पुन्हा टाकलं. दगड. सासूबाई रडायला लागल्या, बाबा हात जोडून पुटपुटत होते. वाईट वाटलं, पण मी जिंकलो होतो.
तेवढ्यात पुजारी म्हणाला, ज्याच्या नावाचा नवस त्याने हात लावावा.
पुढे गेलो. सिकंदरने ओळखलं. माझ्या गुडघ्याला कपाळ घासलं. माझा हात सवयीने मानेवर गेला, बोटं खाजवायला लागली. मी थांबवायला हवी होती. त्याने डोळे मिटले.
नाकापासून शेपटीपर्यंत.
उदो उदो झाला. बाबांनी मला मिठी मारली.

रात्री
थिअरी शंभर टक्के बरोबर. आपलं माणूस जवळ आलं की भीती जाते.
रस्सा घेणार नव्हतो. पण पहिला मान माझा, बाबांनी स्वतः वाढला. दोन वाट्या झाल्या.
छातीत आता काही होत नाही.