जोडा धरून

सोमवार, ३ तारीख
चौतीस वर्षं मुलांना वृत्तं शिकवली आणि आज, वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी, मला नोकरी लागली! लांबलचक पत्र्याची शेड, चारी बाजूंना ट्रेलर उभे. वर्षातून एकदा ते इथे तपासणीला येतात. माझ्याकडे एकच काम. प्रत्येक ट्रेलरच्या मागे चाकांच्या उंचीवर एक आडवा लोखंडी बार लटकतो. तो जमिनीपासून किती वर आहे ते मोजायचं आणि वहीत लिहायचं.
मुकादमाने चहा ढवळत कारण समजावलं. मागून एखादी मोटार धडकली तर तिच्या नाकाला आपटायला काहीतरी हवं. नाक चेपतं, माणूस वाचतो. बार उंच असला तर नाक सुळकन खाली शिरतं आणि लोखंड थेट काचेतून आत येतं. त्याने बोट स्वतःच्या गळ्याशी नेलं आणि चहा प्यायला. पंचावन्न सेंटिमीटर, त्यावर नाही.
मला मजा वाटली. इथेही मात्राच मोजायच्या. एक जास्त झाली की वृत्त बिघडलं.

मंगळवार, ४
मोजायला सागवानी काठी आहे, आकडे कोरलेली, खाली लोखंडी टोपण बसवलेलं. हातात घेतली की शाळेतली छडी आठवते. मी ती कधी कुणावर उगारली नाही, फक्त ताल धरायला वापरली. मागच्या बाकापर्यंत पोरं डोलायची.
मुकादम जाता जाता म्हणाला, "उंची जोडा धरून लिहायची, मास्तर." किती गोड शब्द! पुढचं इंजिनाचं धूड आणि मागची पेटी, यांचा जोडा. म्हणजे दोघांना जोडल्याशिवाय मोजायचं नाही. नवराबायकोचं वजन वेगवेगळं करून संसार थोडाच कळतो? ही गेल्यापासून मी सुटा ट्रेलरच झालोय. असो.

गुरुवार, ६
हे मुलीच्या गाडीत बसून लिहितोय. पाचला ती प्रयोगशाळेतून सुटते, मला घेते, मग मोठ्या रस्त्याने चाळीस मिनिटं. गाडी इवलीशी, बुटकी. उतरताना गुडघे कुरकुरतात. ती म्हणते, गाडी हलते पण बाबांचं अक्षर हलत नाही.
त्या अक्षराला आज बढती मिळाली. पास झालेल्या बारवर पांढऱ्या रंगाने 'ठीक' लिहायचं काम मुकादमाने मलाच दिलं. शिरोरेघ सरळ, ठ गोल गरगरीत. तिला अजून सांगितलेलं नाही. रस्त्यात एखादा दिसला की आपसूक कळेल.

बुधवार, १२
ड्रायव्हर माझ्यावर खार खाऊन आहेत. इंजिन सोडवून ठेवलेलं असतं आणि मी पुन्हा जोडायला लावतो. जोडा म्हणजे जोडा. मुकादम हसतो, म्हणतो मास्तर फार काटेकोर.
कुंपणापलीकडे मोडक्या गाड्यांचं आवार आहे. जेवणाच्या सुट्टीत तिथवर गेलो. एक गाडी पाहिली. बॉनेट शाबूत, दिवे शाबूत, नंबरपाटीवर ओरखडा नाही. बॉनेटच्या वर मात्र काहीच नव्हतं. छत नाही, काच नाही. स्टिअरिंगला केसांचा एक रबर अडकवलेला.
डबा परत आणला.

बुधवार, १९
वेल्डर खुशीत आहे. पूर्वी दिवसाला दोन-तीन बार कापून खाली घ्यावे लागत. मी आल्यापासून एकही नाही. "तुमचा पायगुण हो, मास्तर!" असं म्हणून त्याने टाळी मागितली. मी दिली.
वहीत एक्कावन्न, त्रेपन्न, चौपन्न. सगळे वृत्तात.

सोमवार, २४
पलीकडे निळी गाडी आली. बॉनेट शाबूत. काचेच्या वरची पट्टी मागे दुमडली गेली आहे आणि तिच्यावर पांढरा रंग घासला गेलाय. उलटा उमटलेला. आरशात पाहिल्यासारखा.
ठ चा गोल असू शकतो. नुसता डागही असेल.

बुधवार, २६
वेल्डर काठी ठोकत बसला होता. काय करतोस म्हणून विचारलं. म्हणाला, काठीचा जोडा ढिला झालाय. खालून काठी फुटली तेव्हा त्यानेच तो घातला होता, चौदा सेंटिमीटरचा. आकडे त्याच्या वरून सुरू होतात. म्हणून आधीचे काका वाचलेल्या आकड्यात चौदा मिळवून लिहायचे.
मी ज्याला टोपण म्हणत होतो, तो जोडा.
जोडा धरून.
एक्कावन्न म्हणजे पासष्ट. त्रेपन्न म्हणजे सदुसष्ट. वही उघडली. एक्केचाळीस ट्रेलर. एक्केचाळीस वेळा 'ठीक'.

गुरुवार, २७
मुकादमाला सांगितलं. तो ओरडला नाही. वहीची पानं उलटली. मग म्हणाला, "मी शब्द बरोबर सांगितला होता, मास्तर." सांगितला होता.
दिवसभर मालकांना फोन केले. नऊ ट्रेलर परत येताहेत. बाकीचे रस्त्यावर. काहींनी म्हटलं, पुढच्या तपासणीला बघू.
बत्तीस उरले.

शुक्रवार, २८
पाचला गाडी आली. मुलगी पेट्रोलच्या टाकीचं झाकण बघेपर्यंत काठी तिच्या गाडीच्या नाकाला लावली. जोडा धरून चौसष्ट. बार पासष्ट, सदुसष्ट.
काय करताय, तिने विचारलं. सवय, म्हणालो.
सांगायला हवं होतं. तिला वाटतं तिच्या बाबांचं कधी काही चुकत नाही. लहानपणी माझ्या अक्षरावर अक्षर गिरवायची.

शनिवार, २९
भूक नाही. भीतीही नाही.
येताना दोन दिसले. आमच्या पुढे चालले होते, म्हणून पाठमोरे. माझी शिरोरेघ. दोन्ही सरळ.
एकूण सात ट्रेलरच्या मागे आमची गाडी लागली. मोजले. सात.

सोमवार, ३१
आज आवाराकडे गेलो नाही. कुंपणाच्या अलीकडूनही दोन नवी बॉनेटं दिसतात. शाबूत.
गाडीत. पाच वाजून वीस. ऊन समोरून, डोळ्यांवर. आज तिला सांगायचं. ठरवलंय. आधी इथे लिहून काढतो, म्हणजे बोलताना अडखळणार नाही—
मी एका शब्दाचा अर्थ— नाही. असं नको. बाळ, ट्रेलरच्या मागे जवळ जाऊ नकोस, कारण मी—
पुढे एक आहे. मागचे दिवे चिखलाने माखलेले. बारवर पांढरं काही—
तिने पाहिलं. हसतेय. म्हणते, "बाबा, हे तुमचं अक्षर! थांबा, जरा जवळून वाचते."
ठ
केवढा गोल
सांगतो, आता सांगतो तिला, एवढी ओळ पुरी